यंत्राशेजारी हसणारी बाई

इसिक-कुल सरोवराकाठच्या एका तालुक्याच्या गावी, स्त्रियांच्या कर्करोग तपासणीबाबत जनजागृती करण्याचं काम बुरुलकान एजेकडे, म्हणजे बुरुलकानताईकडे, होतं. स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी वेळेवर करून घ्या, हे ती इतक्या पोटतिडकीने सांगायची की ऐकणाऱ्या बायकांचे डोळे भरून यायचे. स्वतः तिने मात्र ती कधीच करून घेतली नव्हती. कार्यालयीन कारण: जनजागृतीतून सवड नाही. खरं कारण: भीती.

मग वरून आदेश आला. 'आदर्श तपासित महिले'चं पोस्टर तातडीने लावावं. महिला शोधायला वेळ नव्हता. एजे तपासणीच्या बंद यंत्राला खेटून उभी राहिली आणि हसली. खाली 'मी केली! तुम्ही?' असं छापून तिला दवाखान्यात, बाजारात, अगदी खाटकाच्या दुकानातही टांगण्यात आलं.

घोटाळा असा झाला, की पोस्टरचा उपयोग झाला. बायका येऊ लागल्या.

"एजे, दुखतं का गं?"

"छे! कळतसुद्धा नाही," एजे अनुभवी चेहऱ्याने सांगायची. आरोग्य खात्याने तिला अनुभवकथनासाठी गावोगाव धाडलं.

एके दिवशी शेजारची सोनुनबू गरम नान घेऊन दारात आली.

"तुझं ऐकून गेले, एजे. गाठ निघाली. लहान होती म्हणून निभावलं, म्हणाले डॉक्टर." तिने एजेला मिठी मारली. "तू किती धीराची गं!"

दुसऱ्याच दिवशी डोक्याला रुमाल गुंडाळून, काळा चष्मा लावून एजेने कोणी ओळखणार नाही अशा दूरच्या शहरातला दवाखाना गाठला. बाकावर तशीच रुमालात गुरफटलेली एक बाई बसली होती. ती खोकली आणि एजेने ओळखलं. खात्याच्या संचालिका!

"मॅडम, तुम्ही?"

"पाहणी दौरा," संचालिका म्हणाल्या. "तू?"

"मीही पाहणीच करतेय."

परिचारिकेने दार उघडलं. "आधी कोण?"

"या वरिष्ठ आहेत," एजे म्हणाली.

"हिला अनुभव आहे," संचालिका म्हणाल्या.

शेवटी एजेच गेली. थोडं दुखलं. काही दिवसांनी 'सर्व ठीक' असा निरोप आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात एकटीच हमसून हमसून रडली.

तपासणी करून घ्यायला हवी, हे तुम्हालाही पटलंच असेल. ही गोष्ट कोणाला पाठवायची तेही ठरलं असेल: वहिनीला, मावशीला, ऑफिसातल्या बायकांना. पुरुषांनी तर बायकोला मोठ्याने वाचूनही दाखवली असेल. छान. एजेनेही दुसऱ्यांपासूनच सुरुवात केली होती.