हत्तींना साइड

शिट्टी घरीच ठेवायची, असं हवालदारांनी ठरवलं. म्हणजे ठरवलं बायकोनं, हवालदारांनी फक्त मान डोलावली. (घरातले बहुतेक निर्णय ते याच पद्धतीनं घेत.) शिट्टी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये जाऊन पडली.

बाईंचं तरी काय चुकलं? नवरा वाहतूक पोलीस, शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकाचा राजा. पण हा राजा सुट्टीवर निघाला की राज्य सोबत घेऊन निघायचा. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा डोंगरावर फिरायला गेले, तर घाटात गाड्या तुंबलेल्या. "आलोच मी," म्हणून हे जे उतरले, ते अंधार पडल्यावर उगवले. तोवर सूर्य मावळून गेला होता आणि तो बाईंनी एकटीनं पाहिला होता. भाचीच्या लग्नातही बाई मंडपात यांच्यासाठी खुर्ची अडवून बसल्या होत्या आणि हे बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लावत होते.

"मला हत्ती बघायचेत," बाई म्हणाल्या होत्या. "साखळदंडातले नाहीत, जंगलातले, कळपानं हिंडणारे. आणि ते बघताना तुम्ही माझ्या शेजारी बसलेले हवेत. जागचे उठलात, तर यापुढे तुमच्याबरोबर मी भाजी आणायलासुद्धा यायची नाही."

"अगं, जंगलात कुठली आलीय ट्रॅफिक?" हवालदार हसून म्हणाले.

अभयारण्याच्या फाटकातून त्यांची उघडी जीप आत शिरली तेव्हा झाडांवरून अजून दव टपकत होतं. पुढे ड्रायव्हर, त्याच्याशेजारी वाटाड्या, मागे हे दोघं. "गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही," वाटाड्यानं बजावलं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं लक्षच नव्हतं. तो वर बघत होता.

अशी झाडं हवालदारांनी जन्मात पाहिली नव्हती. शेंडा बघायला मान मागे टाकावी तर टोपी खाली पडत होती. मांडीएवढ्या जाड वेली या झाडावरून त्या झाडावर चढल्या होत्या. कुणी आखून दिलेलं नाही, की कुणी अडवलेलं नाही, आणि तरी प्रत्येक पानाला आपापल्या वाटणीचं ऊन मिळालेलं. एक धनेश पक्षी डोक्यावरून गेला, त्याच्या पंखांचा आवाज केवढा तरी! ओल्या वाटेवर पिवळ्या फुलपाखरांचा थवा बसला होता. जीप आली तसा तो अलगद उठला आणि जीप गेल्यावर पुन्हा तिथंच बसला. आयुष्यभर धूर खाल्लेल्या त्या माणसाच्या छातीत काहीतरी भरून आलं.

"एवढ्या सगळ्याला पाणी कोण घालत असेल गं?" ते हळूच म्हणाले.

बाईंनी त्यांचा उजवा हात हातात घेतला. (प्रेमानं तर घेतलाच, शिवाय तो वर जाऊ नये म्हणूनही.)

एका वळणावर वाट अडली. बांबूच्या बेटात हत्ती होते. पलीकडे उतारावर नदी होती. हत्तींना पाण्यावर जायचं होतं, आणि त्यांच्या नेहमीच्या वाटेवरच समोरून आलेल्या जीपांची रांग एकीला एक खेटून उभी होती. अलीकडच्या बाजूला हवालदारांची एकच जीप. समोरचे ड्रायव्हर एकमेकांशी भांडत होते, पण आवाज करायची बंदी, म्हणून कुजबुजत भांडत होते.

"आधी तू घे मागं."

"माझ्यामागं काय मैदान आहे काय? त्याला सांग!"

हवालदारांच्या कपाळाला घाम फुटला. पाचवीलाच पुजलेलं हे! उजवा हात शिवशिवू लागला. बाईंनी तो आणखी घट्ट दाबून धरला.

तेवढ्यात बांबू दुभंगले आणि एक पिल्लू बाहेर आलं. आलं ते थेट दोन जीपांच्या मधे घुसलं आणि घाबरून तिथंच उभं राहिलं. त्याच्यामागून कळपातली थोरली हत्तीण आली. काय ते रूप! रानाचाच एक तुकडा पाय फुटून चालत आल्यासारखा. कुजबुज जागच्या जागी थांबली. पिल्लू बारीक आवाजात रडलं.

"उठा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"उठा म्हणते ना! पोर अडकलंय तिथं, आणि तुम्ही बसलाय काय?"

(बसावं तर उठा, उठावं तर बसा. संसार म्हणतात तो हाच.) हवालदार सीटवर उभे राहिले. शिट्टी नव्हती. होते फक्त दोन हात. डावा आडवा केला, उजवा पंजा समोर धरला, आणि दोन बोटांनी इशारा केला: मागे घ्या.

समोरच्या सगळ्या ड्रायव्हरांनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे विस्फारून पाहिलं. आणि अहो आश्चर्यम्! शेवटची जीप सुरसुरत मागे गेली, मग तिच्या पुढची, मग सगळ्याच. हॉर्न नाही, शिवी नाही, हुज्जत नाही. त्यांच्या चौकात असं कधी, कधीही झालं नव्हतं.

"साहेब, हलू नका. अजिबात हलू नका," वाटाड्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. त्यानं हात जोडले होते. हवालदारांना भरून आलं. कामाची अशी कदर करणारा माणूस विरळाच.

वाट मोकळी झाली. हत्तीण पिल्लाजवळ गेली, त्याला सोंडेनं पोटाशी घेतलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मग कळप निघाला. एकामागून एक, आया, मावश्या, शेपट्या धरून चाललेली पोरं. एवढी मोठी जनावरं, पण पावलांचा आवाज म्हणून नाही. शेवटचं पिल्लू पार होईपर्यंत ती थोरली जागची हलली नाही. मग तिनं हवालदारांच्या दिशेनं सोंड उंच केली आणि शांतपणे नदीकडे उतरली. हवालदारांचे हात अजून वरच होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

ते बसले तेव्हा बाईही डोळे पुसत होत्या. "जन्माचं सार्थक केलंत हो," त्या म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला हवालदारांना संसारभर थांबावं लागलं होतं.

दुपारी विश्रामगृहाच्या खाणावळीत हवालदार जो भेटेल त्याला हातांची खूण करून दाखवत होते. समोरच्या रांगेतल्या एका जीपचा ड्रायव्हर उठून आला.

"साहेब, मानलं तुम्हाला! काय ती छाती!"

"छाती कसली, सवय आहे हाताला. हात दाखवला की गाड्या मागे जातातच."

"हाताकडे कोण बघतंय?" ड्रायव्हर म्हणाला, आणि त्यानं मोबाइल पुढे केला. फोटोत हवालदार सीटवर उभे होते, दोन्ही हात वर. आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकून, फोटोत मावत नव्हता एवढा, एक सुळेवाला नर उभा होता. "हा तुमच्यामागं येऊन उभा राहिला, म्हणून आम्ही पळालो. कळप उतरला तसा गुपचूप रानात निघूनही गेला. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

 हवालदारांनी टेबलाची कड धरली.

बाईंनी मोबाइल हातात घेतला. कितीतरी वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. त्यांचा चेहरा आनंदानं उजळून निघाला होता.

"अगंबाई, काय देखणा आहे!" त्या म्हणाल्या. "पाठवाल का मला? आणि हा मधला माणूस काढता येतो का बघा हो. एक सुळा सगळा झाकलाय त्यानं."