वरचं रिकामं कर, खालचं हालू देऊ नको

दिगंबरकाका कशाचाही फोटो काढतात, पण पाटीशिवाय काढत नाहीत. पाटी म्हणजे शाळेतली, लाकडी चौकटीची, काळी पाटी. तिच्यावर खडूनं तारीख, वार, वेळ लिहायची, ती वस्तूला टेकवून उभी करायची आणि मग मोबाईल रोखायचा. वांग्याचं झाड असो, गळकी तोटी असो, की ताटातली ज्वारीची भाकर. शेजारी पाटी हवीच. नवी म्हैस आणली त्या दिवशी तिनं पाटीच चाटून साफ केली. काकांनी म्हशीला चार शब्द सुनावले, तारीख पुन्हा लिहिली आणि दुसरा फोटो काढला. पहिलाही ठेवला.

"तिनं चाटली, याचाबी पुरावा पाह्यजे."

पुरावा पाह्यजे, हे काकांचं पालुपद. त्याला इतिहास आहे. अनसिंगच्या शिवारात त्यांचा अडीच एकर भाजीपाला. एका वर्षी गारपिटीनं फुलकोबीचा चेंदामेंदा झाला. पंचनाम्याला आलेल्या माणसानं चिखलाकडे पाहून विचारलं, "इथं कोबी होती कशावरून?"

काका म्हणाले, "माह्यावरून."

तेवढ्यावर भागलं नाही. त्याच आठवड्यात काकांनी बाजारातून पाटी आणली.

आता माझं. बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दाखले, अर्ज, झेरॉक्स, पीक पाहणी, सगळं. मी बीसीए आहे, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी कोणी विचारायच्या आधीच सांगतो, कारण विचारत कोणी नाही. पदवी फ्रेम करून झेरॉक्स मशीनच्या वर लावली आहे. लोक तिच्याकडे पाहतात आणि विचारतात, "झेरॉक्स केवढ्याले?" काकांनी मात्र तिची दखल घेतली. त्या दिवसापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "का बे ग्रॅज्युएट, पंखा काहून बंद हाये?" असं म्हणतच ते दुकानात शिरतात. टोमणा आहे हे मला कळतं. पण हाक ऐकायला बरी वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काकांची मोटरसायकल दुकानासमोर थांबली. पेट्रोलच्या टाकीवर गोधडीत गुंडाळलेलं गाठोडं. मागे शांताकाकू, त्यांच्या मांडीवर कॉम्प्युटरचा पडदा, लेकरू धरावं तसा दोन्ही हातांनी कवटाळलेला.

"वर भरलं," काका म्हणाले.

"काय भरलं?"

"वरचं. तीन दिवस झाले, फोटो वर जाऊनच नाई राह्यले. जागा नाई म्हनून लाल अक्षरात लिहून येते."

वर म्हणजे क्लाऊड. हा शब्द मी त्यांना तीनदा शिकवला होता. तीनही वेळा ते म्हणाले, "तुहा शब्द तुह्यापाशी ठेव." त्यांच्या लेखी दोनच जागा: वरचं आणि खालचं. मोबाईलवर काढलेला फोटो आपोआप वर जातो आणि तिथून घरच्या कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे खाली, उतरतो. ही सगळी व्यवस्था त्यांच्या मुलीनं, शीतलनं, घरी असताना लावून दिली होती.

शीतल आता संभाजीनगरला दवाखान्यात नर्स आहे आणि काका तिच्याशी बोलत नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण झालं तेही सगळ्यांसमोरच. साक्षगंधाच्या मांडवात, पाहुणे जेवायला बसायच्या बेतात असताना, ती म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही, मला नोकरी करायची आहे. काकाही भर मांडवात म्हणाले, "या तोंडानं मी आता हिच्याशी बोलनार नाई." झाली तीन वर्षं. दिलेला शब्द काका धुऱ्यावरच्या, शेताच्या हद्दीच्या दगडासारखा मानतात. हलवायचा नाही म्हणजे नाही.

"मंग आता काय करता?" मी विचारलं. "महिन्याला थोडे पैसे भरले त जागा वाढवून भेटते."

"भाड्याच्या जागेत मी माही वस्तू ठेवत नाई."

"काका, आताबी ते दुसऱ्याच्याच जागेत हाये ना."

"ते फुकट हाये. फुकट असलं की भाडं नसते."

या मुद्द्यावर बीसीएच्या तीन वर्षांत आम्हाला काही शिकवलेलं नाही.

काकांनी घरी स्वतःच उपाय करून पाहिला होता. आपल्याकडे कांद्याचं जसं असतं तसं त्यांनी धरलं. माळ्यावरचे कांदे काढून विकले तर खालच्या खोलीतले कांदे थोडेच कमी होतात? म्हणून त्यांनी वर जाऊन 'कोबी' नावाचा अख्खा फोल्डर उडवला. मग निवांतपणे कॉम्प्युटर लावला, तर खालचीही कोबी गायब.

"हात वर लावला आन् गेलं खालचं! हे कोनतं इमान?" काका म्हणाले. "गारपिटीनंबी एवढी साफ नोती केली."

"रात्रभर त्या डब्याच्या पाठीवरून हात फिरवून राह्यले होते," काकू म्हणाल्या. "मले कधी ताप आला त इचारत नाई, का व कशी हायेस."

मी खुर्ची पुढे ओढली. असे प्रसंग पदवीधराच्या आयुष्यात नेहमी येत नाहीत.

"काका, हे माळा आन् खोली नाई. वरची टाकी आन् खालचा हौद, दोनी एकाच पाइपावर हायेत. एकीकडचं सोडलं की दुसरीकडचंबी उतरते. आधी मधातला व्हॉल्व बंद करा लागते. मंग हौदातलं पानी दुसऱ्या हौदात काढून ठेवायचं, ज्याले पाइपच नाई. त्याच्यानंतर टाकी सोडायची."

शेतात ठिबकच्या नळ्या पसरलेल्या माणसाला पाइप समजावून सांगावा लागत नाही.

"एवढं सोपं होतं, त तुह्या डिगरीनं आधी काहून नाई सांगतलं?"

मग त्यांनी अट घातली. "वरचं रिकामं कर, खालचं हालू देऊ नको. एक जरी फोटो गेला त तुह्या पदवीले पाटी टेकवून फोटो काढीन."

कामाला लागलो. आधी वरच्या कचरापेटीतून कोबी परत काढली.

"माही कोबी कचऱ्यात?" काका उभेच राहिले.

"तिथं होती म्हनून वाचली. खाली बसा."

मग वर-खाली जोडणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व बंद केला. कॉम्प्युटरमध्येच, पण त्या जोडलेल्या फोल्डरच्या बाहेर, एक वेगळा फोल्डर केला आणि सगळे फोटो त्यात उतरवले. आणखी एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. काका स्टुलावर बसून होते, मांडीवर पाटी. प्रत्येक फोटो उघडून दाखव म्हणाले. मी म्हटलं, काका, हजारो आहेत. ते म्हणाले, मी कुठं चाललो? शेवटी शेदीडशे पाहून त्यांचं समाधान झालं. पाटीवर 'पेनड्राइव, भरलेला' असं लिहून त्यांनी त्याचा फोटो काढला. तो वर जाईना. लाल अक्षरं आली.

"पाह्य! हेच मी तुले सांगून राह्यलो!" माझाच गुन्हा असल्यासारखे ते म्हणाले.

आता वरचं पुसायचं. मी हात घालणार, तेवढ्यात काका स्टूल घेऊन जवळ सरकले.

"चांदनीवाले सोडून."

खरंच, काही फोटोंवर छोटी चांदणी होती. आपल्याला आवडलेल्या फोटोवर माणूस ती खूण करतो. म्हटलं, नुकसानीचे आणि मीटरचे महत्त्वाचे फोटो काकांनी निवडून ठेवले असतील. पाहतो तर एकही तसला नाही. कान तुटलेला कप. कपाळावर ठिपका असलेलं वासरू. काकूंचा प्लास्टरमधला पाय. दारापुढचं लिंबाचं झाड.

"काका, हा कप कायचा पुरावा हाये?"

"तुले काय कराचं हाये?"

काकू एकदम बसस्टँडकडे पाहायला लागल्या. तिकडे एकही एसटी नव्हती.

मी प्लास्टरचा फोटो मोठा केला. पाटी तीच, तारीख तीच. पण तारखेखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'उद्या प्लास्टर काढतात. आई आता रडत नाई.' कपाच्या पाटीवर: 'तुहा कप आईच्या हातून पडला. फेकला नाई.' लिंबाच्या पाटीवर: 'तू लावलेल्या झाडाले फुलं आले.'

इतके महिने काकांच्या मोबाईलवर मी हे फोटो नुसते येता-जाता पाहिले होते. पाटी वाचायचं कधी सुचलंच नाही. पाटीवर तारीख असते, हे मी धरूनच चाललो होतो.

खातं कोणाच्या नावावर आहे ते पाहिलं. शीतलच्या. तिनं स्वतःचंच खातं काकांच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं होतं आणि ते तिच्याही मोबाईलवर उघडत होतं. अनसिंगहून जे वर जायचं, ते संभाजीनगरला तिला दिसायचं. चांदण्या काकांनी लावलेल्याच नव्हत्या.

मला राहवलं नाही. "काका, तुमी त तिच्यासंगं बोलत नाई ना?"

"म्या तोंडानं कुठं बोललो?" काकांनी पाटी छातीशी धरली. "मी पुरावा ठेवतो."

"हो ना," काकू म्हणाल्या, "तीन दिसापासून पुराव्यापायी एका पोळीवर उठून राह्यले."

मी चांदण्या राखून बाकीचं वरचं पुसलं, कचरापेटीही रिकामी केली, नाहीतर जागा तीच खात बसते. मग व्हॉल्व उघडला. लाल अक्षरं गेली.

"एक फोटो काढून पाहा," मी म्हटलं.

काकांनी दुकानभर नजर फिरवली. पाटी ओल्या फडक्यानं पुसली, हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं आणि ती झेरॉक्स मशीनवर, बरोबर माझ्या पदवीखाली उभी केली. मी आडोशाचा मान राखला. पण फोटो वर गेला तेव्हा पडद्यावर दिसायचा तो दिसलाच. 'तीन दिवस जागा नोती. आता हाये. आमी बरे हावो.'

काम संपलं होतं. काकांनी कॉम्प्युटर गोधडीत बांधला, पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. एक चहा झाला. पंखा नीट फिरत नाही म्हणाले. दुसरा चहा मागवला. वाशीमची एसटी येऊन गेली. मोबाईल पालथा ठेवायचे, उलटा करायचे, पुन्हा पालथा.

तिसऱ्यांदा उलटा केला तेव्हा पाटीच्या फोटोवर चांदणी होती.

काकांनी काकूंना मोबाईल दाखवला, गाठोडं उचललं आणि मोटरसायकलला किक मारली.

ती चांदणी माझ्या पदवीला मिळाली, असं मी तेव्हापासून दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सांगतो. काका समोर बसलेले असले तरी सांगतो. त्यांनी आजवर एकदाही त्याचा पुरावा मागितलेला नाही.