तत्त्वज्ञान विभागात कोण आहे?

"गुन्हेगार माझं नाव ऐकूनच शहर सोडतात," असं मामा सांगत. शहरात चोऱ्या चालूच होत्या, म्हणजे काहींच्या कानावर नाव गेलं नसावं. मामांनी आजवर शोधून काढलेलं म्हणजे शेजाऱ्यांचं मांजर, आणि तेही आपणहून परत आलेलं.

अशा मामांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात न्यायची वेळ भाचीवर आली. वीज वाचावी म्हणून तिथे नवे दिवे बसवले होते. हालचाल झाली की लागायचे, थांबली की विझायचे. पण तत्त्वज्ञान विभागातले दिवे अखंड जळत, आणि तिथे तर चिटपाखरूही फिरकत नसे. हे थांबलं नाही तर संध्याकाळची अभ्यासिका बंद, असं ग्रंथपालबाईंनी बजावलं होतं. भाचीच्या घरी बहिणीची तान्ही जुळी होती. अभ्यासिका गेली की परीक्षाही गेली, या धास्तीने तिची झोप उडाली होती.

"तुझा मामा काय उजेड पाडणार!" आई म्हणाली. मामा तिचाच धाकटा भाऊ, त्यामुळे तिला अनुभव होता.

मामा भिंग घेऊन कपाटाखाली शिरले आणि शिंकत बाहेर आले.

"उंदीर!"

"मामा, एकही पुस्तक कुरतडलेलं नाही."

"म्हणजे तत्त्वज्ञान चाळून पाहिलेले उंदीर." मग ते गर्रकन वळले. "बाई, काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. नोकरी आहे माझी."

"कबुली!"

शेजारच्या इतिहास विभागात तोंडावर रुमाल टाकून पहुडलेले निवृत्त प्राध्यापक वैतागून उठले. "अहो, तो फलक काढा आधी. पंख्याच्या वाऱ्याने हलतो, दिवे लागतात, उजेड माझ्या डोळ्यांवर. कित्येक दिवस धड डुलकी नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. पुस्तकांना ओल धरू नये म्हणून सतत चालणाऱ्या पंख्याखाली कापडी फलक डुलत होता: 'वीज वाचवा'. बाईंनीच तो हौसेने टांगला होता.

"आधी का नाही बोललात?" बाईंनी विचारलं.

"समोर पाटी आहे ना, 'शांतता राखा'."

बाईंनी मुकाट्याने फलक उतरवला. सगळे विभागाबाहेर आले आणि थोड्या वेळाने दिवे विझले.

अभ्यासिका वाचली. संध्याकाळी भाची पुस्तकात इतकी गढली की जागची हललीच नाही, आणि डोक्यावरचा दिवा विझला. हात हलवला, लागला. वाचायला लागली, विझला. मन लावून वाचणाऱ्याला अंधार, ही अक्कल कोणाची, देव जाणे. शेजारी मामा कंटाळून बसले होते.

"मामा, ही केस तू कशी सोडवलीस, सांग ना परत. चांगले हातवारे करून. फक्त आवाज नको."

मामा उत्साहाने उभे राहिले. परीक्षा होईपर्यंत ते रोज आले, आणि दिवा एकदाही विझला नाही.