एक जानेवारीचा कॅमेरा

घरात नवा कॅमेरा आल्यानंतर जुन्याचे काय करावे, याबाबत शासनाचे कोणतेही स्पष्ट धोरण नाही. त्यामुळे मौजे सोनखारी येथील फोटोग्राफर रविकांत यांना हा निर्णय बायकोच्या मार्गदर्शनाखाली घ्यावा लागला.

सोनखारी हे ताडकळसच्या पुढे, जीपवाल्याच्या मनात असेल तर अर्ध्या तासावर असलेले गाव. तिथे नियमित उघडणारी संस्था एकच, ती म्हणजे 'राणी फोटो स्टुडिओ'. स्टुडिओला बायकोचेच नाव दिलेले असल्याने मालकी कोणाची हा वाद कधी उद्भवलेला नाही. नवा कॅमेरा आला त्या दिवशी राणीने त्याला हळदकुंकू वाहिले आणि जुन्याकडे पाहून हे भंगार आता कुठे ठेवणार, असे विचारले. रविकांतने तो अजून चालतो असे निवेदन केले. राणी म्हणाली, "चालतीय तर आपली जुनी मोटरसायकलबी. ढकललं की."

वास्तविक जुन्या कॅमेऱ्यात एकच दोष होता. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी केव्हाच मेली होती. बटण दाबले की तो आधी तारीख विचारी, आणि कोणी न सांगितल्यास स्वतःच्या मनाने १ जानेवारी २००८ धरून चाले. सुरुवातीला रविकांत दर वेळी तारीख सांगत असे. पुढे फोटोच्या कोपऱ्यातले ते नारिंगी आकडे कोणीच वाचत नाही हे त्याच्या लक्षात आले, आणि त्याने सांगणे सोडले.

परिणामी सोनखारीत जे काही झाले ते १ जानेवारी २००८ रोजी झाले. त्या एका दिवशी गावातले सगळे बंधारे पूर्ण झाले, घरोघरी संडास बांधले गेले, शाळेसमोरच्या एकाच खड्ड्यात दरवर्षीचे वृक्षारोपण पार पडले, तीन सरपंच लागोपाठ निवडून आले आणि चंद्रभान पाटलांची साठी, पंचाहत्तरी व तेरावे उरकले. ग्रामपंचायतीचा कारभार पाहणारे दिनकरराव हे फोटो तालुक्याला पाठवत आणि तालुका ते फायलीला टाचून ठेवी. गावाच्या कामाच्या गतीबद्दल एका अहवालात समाधानही व्यक्त झाले होते.

अशा कर्तबगार कॅमेऱ्याला परभणीच्या दुकानदाराने हात लावला नाही. मेहुण्याला द्यावा तर जुनी वस्तू दिली म्हणून मेहुणा रुसला असता, आणि दुसऱ्या कोणाला द्यावा तर आपल्याला विचारले नाही म्हणून तोच मेहुणा रुसला असता. शेवटी सुलाबाई भांडेवाली दारात आली तेव्हा राणीने दोन जुन्या साड्यांवर कॅमेरा ठेवला आणि एक स्टीलचे पातेले घेतले. प्रकरण निकाली निघाले असे समजण्यात आले.

त्याच सुमारास रविकांतचा धाकटा भाऊ गोपाळ याची बायको भक्ती हिने अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. भक्ती पाथरीची, बारावी पास, आणि गावातल्या शेंबड्या पोरांना बापाच्या नावासकट ओळखणारी. जागा एकच होती. ती मिळाली नाही तर मुकादमाचा ट्रक येईल त्या दिवशी गोपाळबरोबर तिलाही ऊसतोडीला जावे लागणार होते, कारण मुकादम जोडीच घेतो, एकटा माणूस घेत नाही. भक्तीला सातवा महिना होता. बाळंतपण उसाच्या फडात नको, एवढेच तिने म्हटले होते, आणि तेही फक्त एकदा.

जागा गावच्या सुनेलाच मिळणार होती. सून असल्याचा पुरावा म्हणून लग्नाचा फोटो जोडायचा होता, तोही तारखेसह. लग्न बावीस एप्रिलला झाले होते. फोटो अर्थातच १ जानेवारी २००८ चा होता.

एरवी हेही खपले असते. पण नेमके त्या महिन्यात एक नवे परिपत्रक निघाले. त्यानुसार फोटो नुसता जोडलेला असून भागणार नव्हते, तो पाहणेही बंधनकारक झाले होते.

तालुक्याच्या पडताळणी साहेबांनी फोटो पाहिला, अर्ज पाहिला, बोटांवर काहीतरी मोजले आणि भक्तीसोबत आलेल्या रविकांतला पुढे बोलावले. "उमेदवाराचा जन्म दोन हजार दोन. लग्न दोन हजार आठ. लग्नाच्या दिवशी नवरी पाच वर्षांची. हा बालविवाह आहे. फोटोत अक्षता टाकताना जेवढे दिसतात तेवढ्यांवर गुन्हा."

फोटोत अक्षता टाकताना दिनकररावही दिसत होते.

"साहेब, ह्या फोटोतली पोरगी पाच वर्साची दिसायलीय का?" रविकांतने विचारले.

"दिसण्यावर मी जात नाही. मी तारखेवर जातो."

मग रविकांतने घड्याळाच्या बॅटरीची हकीकत सांगितली. साहेबांनी उठून दार लावले आणि मागचे कपाट उघडले. कपाट वरपासून खालपर्यंत सोनखारीने भरलेले होते. कॅमेऱ्याचे घड्याळ बिघडलेले असेल तर या कपाटातला प्रत्येक बंधारा आणि प्रत्येक संडास बिघडलेला ठरतो, आणि त्या प्रत्येकावर आपली किंवा आपल्या आधीच्या साहेबांची सही आहे, हे त्यांनी शांतपणे समजावून दिले. "आता बोला. घड्याळ बिघडलं होतं का?"

रविकांत म्हणाला की घड्याळ एकदम ठणठणीत होते.

"मग बालविवाह," साहेब म्हणाले आणि कपाट लावले.

साहेब मुळात दयाळू होते. त्यांनी मार्गही सुचवला: आधीचा फोटो जोडलाच नव्हता असे समजावे आणि चालू तारखेचा नवा आणावा. त्याप्रमाणे भक्ती व गोपाळ यांचे दुसऱ्यांदा लग्न लागले. मांडव घातलाच आहे तर डोहाळजेवणही त्यातच उरकून घेऊ, अशी राणीची सूचना होती आणि ती एकमताने मंजूर झाली. फोटो नव्या कॅमेऱ्याने काढला. नव्या कॅमेऱ्यात सगळे आले: हवेतल्या अक्षता, भटजींच्या कपाळावरच्या आठ्या, गावाचे अक्षांश-रेखांश आणि सातवा महिना.

साहेबांनी फोटो बराच वेळ पाहिला. नंतर भक्तीकडे पाहिले. नंतर पंख्याकडे पाहिले.

"लग्न परवाचं. अर्ज गेल्या महिन्यातला. म्हणजे अर्ज केला तेव्हा तुम्ही सून नव्हता. आणि परवा लग्न होऊन आज सातवा? अंगणवाडी सेविकेनं गावाला शहाणपण शिकवायचं असतं, बाई."

"लग्न बावीस एप्रिललाच झालंय साहेब," भक्ती म्हणाली. "अख्खं सोनखारी जेवून गेलंय. भात कमी पडला ते अजून काढायलेत लोक."

"मग बावीस एप्रिलचा फोटो आणा. खरं असलं की फोटो असतोच."

मुकादमाचा ट्रक चार दिवसांवर आला होता. घरी आल्यावर रविकांतने नव्या कॅमेऱ्याला सगळ्या बाजूंनी समजावून पाहिले. पण त्याला तारीख उपग्रहावरून येत होती आणि तिच्यात हात घालायची सोय कुठेच नव्हती. कॉम्प्युटरवर आकडे बदलणे रविकांतच्या तत्त्वात बसत नव्हते, ती खाडाखोड झाली असती. कॅमेऱ्याने आपणहून विचारले आणि आपण उत्तर दिले, तर मात्र ती खाडाखोड नव्हे, तो संवाद. असा संवाद करणारा कॅमेरा त्यांच्या घरात होता आणि त्याचे पातेले झाले होते. त्या पातेल्यात त्या वेळी भक्तीसाठी शिरा शिजत होता.

ताडकळसच्या बाजारात रविकांत आणि राणीला सुलाबाई सापडली. सुलाबाईसमोर दिनकरराव आधीच उकिडवे बसलेले होते. त्यांच्या काखेत ग्रामपंचायत कार्यालयाचे पडदे होते.

"रवी, हे गावाचं रेकॉर्ड हाय," दिनकरराव म्हणाले. "पंचायतीच्या ताब्यात पायजे. लय कामं राहिलीत माझी."

"कोणती?"

"झालेली."

रविकांतने खिशात हात घालताच सुलाबाईने मान हलवली. "पैशात आमी करत न्हाई. कापड दावा." दिनकररावांनी पडदे पुढे सरकवले, मागाहून सतरंजी आणण्याचे तोंडी आश्वासनही दिले. तेव्हा राणीने पिशवीतून रविकांतचा लग्नातला सफारी काढला. तो आपल्या पिशवीत आलाच कधी, हे रविकांतला विचारावेसे वाटले, पण सुलाबाई तोवर कापड चिमटीत धरून उजेडाला बघत होती.

"गेला तर गेला," राणी म्हणाली. "पोटावर कुठं बसायलाय तुमाला."

सुलाबाईने कॅमेरा राणीच्या पिशवीत टाकला. दिनकरराव पडद्यांची घडी घालत उठले आणि जीपमध्ये यांच्याच शेजारी बसले. वाटेत त्यांनी दोनदा आठवण करून दिली की बालविवाहाच्या फोटोत आपणही आहोत, तेव्हा आपल्या बंधाऱ्याचेही बघावे.

तिसऱ्या लग्नाला भटजींनी हरकत घेतली. तीच नवरी, तोच नवरा आणि एका वर्षात तीन मुहूर्त, हे शास्त्रात कुठे बसत नाही, असे ते म्हणाले. शास्त्र नको, मंगलाष्टकाच्या वेळचा फोटो तेवढा पाहिजे, असे कळल्यावर त्यांनी दक्षिणा तीच राहील ना एवढी खात्री करून घेतली. सकाळची थंडी होती. पण एप्रिल वाटला पाहिजे म्हणून पाहुण्यांचे स्वेटर आणि कानटोप्या काढून घेण्यात आल्या आणि प्रत्येकाच्या हातात पंखा देण्यात आला. माणसे कुडकुडत वारा घालू लागली. छबूबाई म्हणून गोपाळची एक चुलती होती, तिने पंखा उलटा धरला तर वारा लागत नाही का, असे विचारले. तिला मागच्या रांगेत पाठवण्यात आले.

प्रश्न सातव्या महिन्याचा होता. तो राणीने सोडवला. अंतरपाट नवरानवरीच्या मधे धरतात. तिने तो दोघांच्या पुढे धरायला लावला, गळ्यापर्यंत. वर दोन हसरे चेहरे आणि खाली नुसते स्वस्तिक, असा तो फोटो होता. अंतरपाटाच्या पलीकडे कोण आणि अलीकडे कोण हे सांगता आले नसते, पण लग्न होते एवढे कोणीही सांगितले असते.

रविकांतने बटण दाबले. कॅमेऱ्याने तारीख विचारली. भक्ती अंतरपाटाच्या वरून म्हणाली, "आणा हिकडं, मी टाकते." तिने हात लांब करून एकेक आकडा दाबला आणि दोनदा वाचून पाहिला. इतकी खरी तारीख त्या कॅमेऱ्यात बऱ्याच वर्षांनी गेली होती.

साहेबांनी फोटो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बघा. मी म्हणत नव्हतो? खरं असलं की लगेच कळतं." ऑर्डर त्याच दिवशी निघाली. मुकादमाचा ट्रक आला तेव्हा भक्ती अंगणवाडीत पोरांना हात धुवायला शिकवत होती. जोडी मोडली म्हणून मुकादमाने गोपाळलाही सोडून दिले. घरात सगळ्यांना आनंद झाला. गोपाळला काम शोधावे लागणार असल्याने त्याला थोडा कमी झाला.

जुना कॅमेरा ठेवायचा की नाही, हा प्रश्न त्यानंतर कोणी काढला नाही. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला रविकांत "नव्यात का जुन्यात?" एवढेच विचारू लागला. नव्यात काढलेला फोटो वाढदिवसाला चालतो. बाकी सगळ्याला जुना लागतो. गर्दी इतकी वाढली की राणीने कॅमेऱ्याच्या शेजारी कॅलेंडर टांगले.

आणि एक दिवस सोनखारीत तालुक्याच्या दोन जीपा येऊन थांबल्या. पडताळणी साहेब सगळ्या कचेरीला घेऊन आले होते. काम नाजूक होते. गेल्या महिन्यात सचोटीचा सप्ताह होऊन गेला होता. त्यात सर्वांनी रांगेत उभे राहून, उजवा हात वर करून, कधीही खोटेपणा करणार नाही अशी शपथ घ्यायची होती. कामाच्या गडबडीत शपथ घ्यायची राहिली. पण शपथ घेतल्याचा फोटो मात्र वर पाठवायचा होता.

शाळेच्या भिंतीला धरून कचेरी दोन रांगांत उभी राहिली. हात वर झाले. चेहरे प्रामाणिक झाले. रविकांतने जुना कॅमेरा चालू केला आणि विचारले, "साहेब, तारीख कोणती टाकू?"

"जी असायला पाहिजे होती ती," साहेब म्हणाले.

रविकांतने डोळा लावला, आणि मग काढला. मागच्या रांगेच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी पडली होती आणि फोटो एकीकडे कलत होता. त्याने मान वर करून इकडेतिकडे पाहिले.

"आन् ते कोण, वाचत बसलेत ते. हां, तुमीच. लांबून काय बघायलाव, या, सरका आत. उजवा हात वर. तारखेचं मी बघतो."