सहा नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक

गुरुवारी दुपारी साडेचारला श्रीरंगराव झोपेतून उठून हॉटेलात आले, तर सहा नंबरच्या टेबलाची खुर्ची पुन्हा मागे ओढलेली होती. तीन वाजता हॉटेल बंद करून ते मागच्या खोलीत आडवे झाले, तेव्हा ती जागच्या जागी होती. आता आमटी दोन पळ्या कमी होती आणि एक ताट धुऊन ओट्यावर उपडं घातलेलं होतं. दोन्ही दारं बंद. बाहेर जर्सी सिटीभर फेब्रुवारीचा बर्फ, आणि पायरीवर एकही पाऊल नाही.

त्यांनी खुर्चीला हात लावला. उबदार होती.

तीन आठवडे हे चाललं होतं. दर मंगळवारी आणि गुरुवारी.

"बाबा, तुम्हीच खाता अँड देन यू फर्गेट," टेक्सासहून संजीव फोनवर म्हणाला. "अडुसष्ट इज नॉट अ जोक. हॉटेल विका आणि इकडे अर्विंगला या. आय ॲम सिरियस."

"मी विसरत नाही रे! इथं काहीतरी आहे."

"काहीतरी म्हणजे काय? घोस्ट?"

श्रीरंगरावांनी फोन ठेवला. भूत निघालं तर परवडेल, पण संजीव खरा ठरला तर अठरा वर्षांचं हॉटेल गेलंच.

पुढच्या मंगळवारी ते झोपले नाहीत. दिवे मालवून काउंटरमागे, मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसले. काचांवर बर्फ साचल्यानं आत राखाडी उजेड होता. कुठंतरी नळ ठिबकत होता. बरोबर सव्वातीनला मागचं दार करकरलं आणि नखशिखांत पांढरी आकृती आत आली. तिला चेहरा नव्हता. ती सरळ आमटीच्या पातेल्याकडे गेली.

श्रीरंगरावांनी देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि मिरच्यांनी दगा दिला. सटासट चार शिंका आल्या.

"अगं आई गं!" आकृती किंचाळली. पळी खाली पडली, तोंडावरचा बर्फानं माखलेला मफलर सुटला, आणि आतून सुमित्राबाई निघाल्या. "हॉटेलचं मला बाधतं," असं अठरा वर्षं मंडळातल्या बायकांना सांगणारी त्यांची बायको!

"अगं, मग घरी सांगायचंस! डबा आणला असता."

"कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही घरी पळीला हात लावत नाही, आणि मला मेलीला तुमच्याच हातची आमटी लागते."

श्रीरंगराव इतके खूश झाले की दोन मिनिटं भीती विसरले. मग त्यांना आठवलं. "पण गुरुवारी कशाला?"

"गुरुवारी? गुरुवारी मी भजनाला असते. मी फक्त मंगळवारी येते."

दोघांनीही हळूच सहा नंबरच्या टेबलाकडे पाहिलं.

गुरुवारी भजन बुडवून सुमित्राबाईच पहाऱ्याला बसल्या. "तुम्ही शिंकता. तुम्ही आपले झोपा," असं म्हणून त्यांनी नवऱ्याला मागच्या खोलीत पाठवलं.

साडेचारला ते धावत बाहेर आले. सुमित्राबाई सहा नंबरच्या टेबलाशी बसलेल्या होत्या. ओट्यावर दोन ताटं उपडी होती.

"आला होता?"

"आला होता. मला वाढलं, मग स्वतः जेवला. दोन्ही ताटं त्यानंच धुतली."

"तू त्याच्याबरोबर जेवलीस? घाबरली नाहीस?"

"आधी घाबरले. डोळे उघडे होते, पण मला ओळखलंच नाही. 'ताई, अजून भात वाढू का?' म्हणाला."

"ताई? दिसायला कसा होता?"

सुमित्राबाई नुसत्या नवऱ्याच्या हातांकडे बघत राहिल्या. श्रीरंगरावांनीही खाली पाहिलं. सदऱ्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि बोटांना साबणाचा वास येत होता.

ते समोरची खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "संजीवला काय सांगायचं?"

"भूत आहे म्हणून सांगा," त्यांच्या बाह्या पदरानं टिपत सुमित्राबाई म्हणाल्या. "असलं हॉटेल कोण विकत घेतंय! आणि भजन मी सोडलं. दर गुरुवारी येणार म्हणून त्याला कबूल केलंय. एकट्यानं जेवायचा कंटाळा येतो म्हणाला."