ताजबीचा फितूर मेंदू

"ठेव डबी खाली! तुझ्या जन्माच्या आधीपासनं लावतोय मी मशेरी!" ताजबी ओरडली, पण दस्तगीरनं आईची डबी खिशात घातली ती घातलीच. तिच्या हिरडीवर पांढरा डाग उठला होता. सून जुलेखानं तर सांगूनच टाकलं होतं, "घरात तंबाखूची राख राहील, न्हायतर मी राहीन. कबनूरला म्हायेर हाय माझं."

मग ताजबी नळावर गेली, घागर आपटली आणि सगळ्या गल्लीदेखत म्हणाली, "ऐका गं! मशेरी सुटली तर मी शमशुद्दीनची पोरगी न्हवं!"

झालं! आता प्रश्न डबीचा राहिला नाही, बापाच्या नावाचा झाला.

दस्तगीरनं तिला रिक्षात घातलं आणि डॉक्टर जिनपाल मगदुमांकडे नेलं. परदेशी शिकून आलेला हा डॉक्टर सुया न टोचता कानाच्या पाळीवर लेसरचा लाल ठिपका पाडायचा आणि व्यसन सोडवायचा. निदान त्याचं म्हणणं तसं होतं. चौऱ्याऐंशी साली कोल्हापुरात लेसर पाहिलेला होता कुणी?

"ह्यानं मेंदूत फरक पडतो, मावशी," तिच्या डोक्याला यंत्राच्या वायरी चिकटवत तो म्हणाला. "तो फरक या कागदावर उमटतो."

"माझा मेंदू माझ्या बापाचंबी ऐकत न्हवता. तुमच्या बॅटरीचं काय ऐकतोय!"

"हलू नका फक्त."

डॉक्टर कानाशी वाकला की त्याला तिचं तोंड दिसायचं नाही. ताजबीनं हे पहिल्याच मिनिटाला हेरलं. पदराच्या गाठीतली मशेरीची चिमूट तिनं आधीच ओठाआड सारली होती. तो वाकला की ही जबडा हलवून मशेरी घोळवायची, तो सरळ झाला की गप्प. तिकडे यंत्राचे काटे कागदावर थयथयाट करायचे. लेसर चालू की नाचले, बंद की थांबले. जबड्यानंही ते नाचतात हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आनंदाच्या भरात माणूस शिकलेलं विसरतो. त्यानं मिरजेच्या दोन मोठ्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

रोज हाच खेळ चालला. आठव्या दिवशी ताजबीनं पदराची गाठ सोडली, चिमूट नाकाशी नेली आणि तिला मळमळलं. पुन्हा हुंगलं. पुन्हा तेच!

"हात् मेल्या!" ती आपल्याच डोक्याला म्हणाली आणि चिमूट तशीच गाठीत बांधली. "फितूर झालास व्हय?"

नेमके त्याच दिवशी मिरजेचे डॉक्टर आले. जिनपालनं लेसर लावला. काटे ढिम्म. दुसऱ्या कानाला लावला, तरी ढिम्म. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मावशी, काहीच वाटत नाही?" जिनपालचा आवाज रडवेला झाला होता.

ताजबीला त्याची कणव आली. 'मळमळतंय' एवढा एक शब्द ती बोलली असती, तर बिचाऱ्याचं सोनं झालं असतं. पण दारात जुलेखा उभी होती, आणि जुलेखाला कळलं म्हणजे नळाला कळलं.

"कायबी न्हाय!" ती गरजली. "तलफ हाय तशी हाय. काढा ह्या वायरी!"

पाहुणे चहा न घेता गेले. जिनपालनं यंत्रावर चादर टाकली. दस्तगीरनं डबी परत दिली आणि जुलेखा घरी जाऊन बोचकं बांधू लागली.

सकाळी ताजबीनं डबी उघडली, तर पोटात ढवळलं. तिनं सगळी मशेरी गटारात ओतली, चुलीतला कोळसा कुटून डबीत भरला आणि उंबऱ्यावर बसून गल्लीला दिसेल असे दात घासू लागली. "बघा गं! सुटली का?"

जुलेखाचं बोचकं बांधून तयार होतं. पण ती त्या दिवशी गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायची ताजबीला हिंमत होईना.

महिन्याभरानं डबीतला कोळसा संपला. दुसऱ्या दिवशी उघडून बघते तर डबी गच्च भरलेली! भीत भीत तिनं बोट दातांना लावलं. कुटलेला कोळसा, त्यात जरासं मीठ.

चुलीपाशी जुलेखा खाली मान घालून भाकरी थापत होती. "कडक आणलीया, अम्मा. जपून लावा."

ताजबी सुनेकडे बघतच राहिली. मग तिनं नळाकडे तोंड केलं, खच्चून पिंक टाकली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "लई कडक हाय गं!"