खळ्यातली घरगाडी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, तीन आठवडे एक गाडी उभी होती. अठरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. तिला चाकं नव्हती, छप्पर नव्हतं, भिंतीही नव्हत्या. कबड्डीच्या मैदानावर मारतात त्या फक्कीने बापूकाकांनी ती जमिनीवर आखली होती.

बापूकाका माझे सख्खे काका. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उमर काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्याच पडवीलगतच्या खोलीत असतात. बिनमापाचं बोलणं त्यांना सोसत नाही. आमटीत थोडं मीठ कमी आहे म्हटलं तरी अडवतात, "थोडं म्हणजे किती? मापात बोला!" माझ्या लग्नाच्या बैठकीत सगळे देण्याघेण्याच्या साड्यांबद्दल बोलत असताना यांनी नवरीकडच्यांना विचारलं होतं की मांडवाचे खांब किती इंची आहेत.

तर या काकांनी बेत काढला. रत्नागिरीहून समुद्राकाठच्या रस्त्याने निघायचं, जयगडची खाडी फेरीबोटीने ओलांडून गुहागर गाठायचं, तिथे आईच्या माहेरच्या पोफळीच्या बागेत दोन दिवस गाडी लावायची आणि दाभोळ बघून परत यायचं. तेही साध्या गाडीने नाही. पुण्याला एकाकडे झोपायची, स्वयंपाकाची, सगळी सोय असलेली मोठी व्हॅन भाड्याने मिळते. काका तिला घरगाडी म्हणतात. अट एकच. वहिनी, म्हणजे माझी आई, येणार असेल तरच जायचं.

आणि आई नऊ वर्षांत गुहागरला गेली नव्हती. भावाचा फोन आला की अर्धा तास बोलायची, फोन ठेवून डोळे पुसायची, पण जायचं नाव काढलं की म्हणायची, "मी घरीच बरी. तुम्ही जाऊन या."

काकांनी तिच्या नकाराकडे साफ दुर्लक्ष केलं आणि खळ्यात तालमी सुरू केल्या. रोज संध्याकाळी मी, माझी बायको मेधा आणि आमची लेक तनू फक्कीच्या आत आपापल्या जागी बसायचो. डाव्या खिडकीची खुर्ची आईसाठी रिकामी. उत्तरेकडे जाताना समुद्र डाव्या हाताला, म्हणून ती तिची. मेधाने तिथेच स्टोव्हवर पिठलं करून दाखवलं. "कोपर गेलं बाहेर! भिंत फोडलीस गो!" काका ओरडले. एकदा नारळ पाडायला पाडेली आला तो नेहमीप्रमाणे सरळ खळं तुडवत निघाला.

"अरे ए, ओट्यावरून चाललास तू! दारातून ये!"

तो बिचारा मागे गेला, फक्कीच्या दाराशी चपला काढल्या, आत आला, आणि माडाकडे जायला दुसरं दार कुठे आहे म्हणून विचारू लागला.

घरगाडी फेरीबोटीत मावेल का, हे बघायला काका एसटीने जयगडला गेले आणि टेप लावून बोटीचं माप घेऊन आले. ते कुणी साहेब आहेत असं समजून चार जणांनी त्यांच्याकडे धक्क्याच्या तक्रारी नोंदवल्या. काकांनी त्या लिहूनही आणल्या.

पण खरा ताप झाला तो पुण्याच्या गाडीवाल्याला. दिवसातून तीनदा काकांचा फोन, आणि तोही एकाच विषयावर. संडासाच्या दाराची रुंदी किती? बैठकीची उंची किती? धरायला दांडी आहे का, कुठल्या बाजूला? शेवटी तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्हाला गाडी हवीय की नुसता संडास?"

"गाडी त्याच्याबरोबर येत असेल तर तीही घेऊ," काका म्हणाले.

आम्ही पोट धरधरून हसलो. त्याने मात्र निर्वाणीचं सांगितलं की शनिवारपर्यंत नक्की काय ते कळवा, नाहीतर गाडी दुसऱ्याला देतो.

शुक्रवारी संध्याकाळी काका पुन्हा आईला विचारून आले आणि पुन्हा तेच उत्तर घेऊन आले. माझाच तोल गेला.

"काका, सोडा आता तिचा पिच्छा. तिला प्रवास आवडत नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"तीच म्हणते."

"ती म्हणते आणि तू ऐकतोस." काका पायरीवर बसले. "चिपळूणच्या लग्नात तिला घेरी आली, आठवते? ऊन लागलं म्हणालात सगळे. मेल्या, आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नव्हता तिच्या पोटात. लांब जायचं म्हटलं की ती पाणी प्यायचंच सोडते. रस्त्यात बाईमाणसाने जायचं कुठे? आणि त्या गुडघ्यांनी बसायचं कसं?"

"मग तिला सरळ विचारलं का नाहीत?"

"मी दीर. कसा विचारू?" काका म्हणाले. "अकरा वर्षांचा होतो तेव्हा टायफॉइड झाला मला. आई आधीच गेलेली. वहिनी तेव्हा नवी नवरी. महिनाभर माझं सगळं हिने काढलं. मी लाजेने रडायचो. आजतागायत कोणाजवळ बोलली नाय ती."

मी तिचा मुलगा. रोज तिच्या हातचा चहा पितो, आणि मला हे कधी दिसलं नव्हतं. ज्याला दिसलं, त्याने आमचं हसणं खुशाल अंगावर घेतलं होतं. त्यांचे उपकार मी कोणत्या तोंडाने मानणार होतो?

शनिवारी सकाळी काकांनी एक लाकडी स्टूल कापून बरोबर बैठकीच्या उंचीचं केलं आणि फक्कीच्या मागच्या चौकोनात ठेवलं. कडेला दांडी म्हणून बांबू रोवला. मेधाला म्हणाले, "वहिनीला बसवून बघ, उठता येतं का." आणि स्वतः तरातरा जाऊन पलीकडच्या आंब्याच्या कलमाआड पाठ करून उभे राहिले.

आई बसली. बांबू धरून उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. मग मेधाला हळूच म्हणाली, "आतून कडी आहे का गो?"

"आहे!" कलमाआडून काकांचा खणखणीत आवाज आला. "मी विचारलंय! कडी आहे, दिवा पण आहे!"

आई हसता हसता लाल झाली. "मग गुहागरला दादाला फोन लावा," ती म्हणाली. "येतेय म्हणावं."

निघायच्या दिवशी घरगाडी कुंपणाच्या गडग्याबाहेर येऊन उभी राहिली. आम्ही बसलो, आणि आई पायरीवरूनच माघारी फिरली. मी तिच्यामागे घरात गेलो, माझ्यामागून काका. आई माठाशी उभी होती. तिने पेलाभर पाणी घेतलं आणि सावकाश, सगळं प्यायली. मग आणखी एक पेला भरून तिने काकांपुढे धरला.

"तुम्हीपण घ्या, भावजी. लांब जायचंय."

काकांनी पेला घेतला, आणि किती प्यायचं ते न विचारता सगळा रिकामा केला.